मॉस्किटो एवढं वेगवान, मग परतीच्या वाटेत पाडलं का जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळात मॉस्किटो एफबी ६ हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ-बॉम्बर घेऊन इंग्लंडहून निघायचं, इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या रेल्वे यार्डावर किंवा पुलावर बॉम्ब टाकायचे. बॉम्ब बरे पडतात. पण परतताना फॉके-वुल्फ १९० हे जर्मन लढाऊ विमान मागे लागतं आणि किनारा गाठायच्या आत खेळ खलास. विचारणाऱ्याचं म्हणणं असं, की हे विमान पळण्यासाठीच बनवलं होतं ना, मग ते पळत का नाही?

पळतं. पण बहुतेक जण पळायला लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्ही सोबत पाठवलेलं उड्डाणाचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात १९० ने तुम्हाला गाठलं ते परतीच्या वाटेवर दिसतं खरं, पण तुम्ही सापडलात लक्ष्यावरच, दुसरी फेरी मारायला वळलात तेव्हा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मॉस्किटोचं पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० चं. बॉम्बर आवृत्तीत बचावाची एकही बंदूक नव्हती. शत्रूला गाठताच येऊ नये हाच बचाव. ३० जानेवारी १९४३ ला नाझी राजवटीच्या दशकपूर्तीनिमित्त जर्मन हवाईदलप्रमुख गोरिंगचं बर्लिनहून रेडिओवर भाषण व्हायचं होतं, ते याच विमानांनी भरदिवसा हल्ला करून लांबवायला लावलं. हे वाचून आपण खेळात शिरतो आणि समोर येतात फॉके-वुल्फ १९० च्या ए-८, डी-९ या आवृत्त्या आणि मेसरश्मिट १०९ के-४. ही तिन्ही युद्धाच्या उत्तरार्धातली. समुद्रसपाटीला मॉस्किटो पूर्ण जोरावर ताशी ३४० मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण ५४५ किलोमीटर जातं. ही तिन्ही त्याहून थोडी तरी जलदच. के-४ आणि डी-९ तर चांगलीच जलद. म्हणजे नुसत्या वेगावर तुम्ही कुणालाच मागे टाकणार नाही.

मग वेग कशासाठी? समोरच्याला पाठलागात किती वेळ घालवावा लागेल ते ठरवण्यासाठी. हे गणित एकदा कागदावर करून बघाच.

समजा १९० तुमच्यापासून ३ किलोमीटर मागे आहे आणि तुमच्याहून ताशी ३० किलोमीटरने जलद आहे. नेमका मारा करायला त्याला ३०० मीटरच्या आत यावं लागतं. म्हणजे २.७ किलोमीटर भरून काढायचे, ताशी ३० च्या फरकाने. लागली साडेपाच मिनिटं. तेवढ्यात तुम्ही जवळजवळ ४९ किलोमीटर पुढे गेलात. इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद जागी, डोव्हरच्या सामुद्रधुनीत, सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या मशीनगनच्या टप्प्यात येण्याआधी तुम्ही इंग्लंडच्या जमिनीवर, स्वतःच्या विमानवेधी तोफांच्या छत्राखाली. फरक ताशी ६० चा धरला तरी २५ किलोमीटर हाती लागतात. मग तो तुम्हाला खाडीच्या अर्ध्याहून पुढे गाठेल, पण एकटा, स्वतःच्या तळापासून लांब, आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघत.

आता उलट बाजू. ताशी ५४० किलोमीटरने जाताना तुम्ही ३ जी (वजनाच्या तिप्पट जोर) ओढून पूर्ण गोल फिरलात, तर त्या एका वळशाला सुमारे ३४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सरळ येणारं विमान ५ किलोमीटर कापतं. म्हणजे ज्या ३ किलोमीटरच्या जोरावर तुम्ही घरी पोचणार होतात, ते सगळे देऊन वर दोन किलोमीटरचं कर्ज. शिवाय वळणात वेग गळतो, तो परत मिळवायला आणखी मिनिटभर जातो.

म्हणून दुसरी फेरी मारायची नाही. एक बॉम्ब लटकलेला राहिला, शेजारच्या रुळावर आख्खी मालगाडी उभी दिसली, तरी नाही. हातचं सोडून पळत्यापाठी लागण्याचा मोह इथे फार मोठा असतो, कारण एफबी ६ च्या नाकात चार ब्राउनिंग मशीनगन आणि त्यांच्या मागे-खाली पोटात चार हिस्पानो तोफा आहेत आणि त्या चालवायला मजा येते. त्या सगळ्या धडातच असल्याने पंखांतल्या बंदुकांसारखा रोख जुळण्याचा प्रश्न येत नाही. जिथे नाक तिथे मारा. पण तोफांचा दारूगोळा सलग दाबला तर पंधरा-सोळा सेकंदांत संपतो. तो येतानाच, पहिल्या आणि एकमेव फेरीत, लक्ष्यावरच्या विमानवेधी तोफांची डोकी खाली ठेवायला वापरा. क्रिकेटमधली चोरटी धाव असते ना, तसं हे आहे: एक पळून घ्यायची, आणि क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलला की दुसरीसाठी वळायचं नाही.

आता इंजिनांकडे येऊ, कारण इथे निम्मे लोक वेग वाया घालवतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

मॉस्किटोच्या मर्लिन २५ इंजिनाला +१८ पौंड बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब) आणि ३००० आरपीएम ही लढाईची ताकद, आणि तिची मुदत ५ मिनिटं. वरचं साडेपाच मिनिटांचं गणित आठवा. ही पाच मिनिटं तुम्हाला परतीसाठीच दिलेली आहेत असं समजा. जाताना घाई करून ती उडवायची नाहीत. नुसता थ्रॉटल पुढे रेटून +१८ मिळत नाही, त्यासाठी बूस्ट कट-आउटचा दांडा ओढावा लागतो. तो कुठल्या बटणावर ठेवलाय ते उडण्याआधी बघून ठेवा. मागे १९० असताना सेटिंगचं पान उघडून शोधणारे लोक मी पाहिलेत.

जाताना २६५० आरपीएम, +७ पौंड. वेगाचा काटा अडीचशे ते पावणेतीनशे मैलांवर राहतो, इंजिनं थंड राहतात, पेट्रोल पुरतं. ताकद वाढवताना आधी आरपीएम, मग बूस्ट. कमी करताना उलट, आधी बूस्ट, मग आरपीएम. हा क्रम बोटांत बसला पाहिजे.

रेडिएटरच्या झडपा जमिनीवर उघड्या लागतात, नाहीतर धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत पाणी उकळायला येतं. पण हवेत गेल्यावर त्या बंद करायच्या विसरलं, की सगळा प्रवास हवेला अडवत होतो. तीच गोष्ट बॉम्बकक्षाच्या दारांची. बॉम्ब सुटल्याच्या आनंदात दारं उघडीच राहतात आणि मग "माझं मॉस्किटो ३०० च्या वर जातच नाही" अशी तक्रार येते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही दारं पूर्ण वाटभर उघडी आहेत, बाहेरच्या कॅमेऱ्यातून बघा. परतीच्या पहिल्या दहा सेकंदांत चार कामं: दारं बंद, रेडिएटर बंद, आरपीएम ३०००, बूस्ट. मग ट्रिम लावा, कारण वेग वाढला की नाक वर जायला बघतं आणि तुमच्या नकळत तुम्ही चढायला लागता. चढणं म्हणजे वेग देऊन उंची घेणं. आत्ता उंचीला काडीचीही किंमत नाही.

रॉकेटांबद्दल मी जरा कडक आहे. साठ पौंडी आठ रॉकेटं जहाजांवर छान चालतात, पण त्यांचे पंखाखालचे रूळ रॉकेटं सुटल्यावरही तिथेच राहतात आणि वेग खातात. जमिनीवरच्या लक्ष्यासाठी पोटातले दोन ५०० पौंडी बॉम्ब पुरे. पंखांखाली काहीच नको.

आता बॉम्ब. खालून जाऊन बॉम्ब टाकताना एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: सुटलेला बॉम्ब तुमच्याच वेगाने पुढे येत असतो, तुमच्या बरोबर खाली. तो जमिनीवर पोचतो तेव्हा तुम्ही त्याच्या डोक्यावर असता. लगेच फुटणारा फ्यूज लावला असेल तर स्वतःच्याच बॉम्बने जाल. म्हणून विमान सज्ज करताना ११ सेकंदांचा विलंब निवडा. ताशी ३०० मैलांनी ११ सेकंदांत तुम्ही जवळजवळ दीड किलोमीटर पुढे गेलेले असता.

कधी सोडायचा? हवेचा अडथळा विसरून ढोबळ हिशोब करू. १५ मीटरवरून पडायला बॉम्बला पावणेदोन सेकंद लागतात, तेवढ्यात तो सुमारे २३५ मीटर पुढे जातो. ३० मीटरवरून अडीच सेकंद आणि ३३० मीटर. म्हणजे लक्ष्य नाकाखाली जायच्या बरंच आधी बटण दाबायचं. मॉस्किटोचं नाक आखूड असल्याने समोरचं चांगलं दिसतं हा इथे मोठाच फायदा. सरावाच्या मैदानावर एक इमारत धरा, उंचीप्रमाणे वरच्या हिशोबाइतक्या अंतरावर तिच्याआधी कुठलीही ओळखीची खूण शोधा, आणि ती खूण नाकाखाली गेली की सोडा. इमारतीकडे बघून सोडलात तर बॉम्ब हमखास पुढे पडतो.

ही ११ सेकंदं खऱ्या युद्धात किती महत्त्वाची होती ते फ्रान्समधल्या आमियाँच्या तुरुंगावरच्या हल्ल्यात दिसतं. १८ फेब्रुवारी १९४४, खाली बर्फ, हवा खराब. न्यूझीलंडच्या ४८७ स्क्वॉड्रनने तुरुंगाची बाहेरची भिंत फोडायची, मागून ऑस्ट्रेलियाच्या ४६४ स्क्वॉड्रनने पहारेकऱ्यांच्या इमारती. सगळे एफबी ६, सगळ्यांचे बॉम्ब ११ सेकंदांच्या विलंबाचे. पहिल्यांचे बॉम्ब फुटून होईपर्यंत मागच्यांनी त्या हवेत शिरायचं नाही, आणि फार मागेही राहायचं नाही. मल्टीप्लेयरमध्ये चौघं मिळून जाताना हाच विचार करा. पुढच्याच्या मागे दीड किलोमीटरवर असाल, तर नेमके त्याच्या स्फोटातून जाल. एक तर शेजारी-शेजारी, जवळजवळ एका आडव्या रांगेत जा, नाहीतर अर्धा मिनिट अंतर ठेवा.

त्या हल्ल्याचा नेता ग्रुप कॅप्टन पर्सी पिकार्ड परतला नाही. बॉम्ब टाकून झाल्यावर तो लक्ष्याजवळ थांबला होता आणि फॉके-वुल्फ १९० ने त्याला पाडलं. त्याचं थांबणं कर्तव्यापोटी होतं, आपण खेळात थांबतो ते आकडा वाढवायला. पण विमान तेच आणि मागे लागणारंही तेच.

दुसरं उदाहरण सांगतो आणि ते सांगताना खेळ क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. २१ मार्च १९४५ ला कोपनहेगनमधल्या शेलहूस या गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) मुख्यालयावर मॉस्किटो लाटांमध्ये आले. पहिल्या लाटेतलं एक विमान उंच खांबाला धडकून एका फ्रेंच शाळेजवळ कोसळलं. तिथून उठणारा धूर बघून मागच्या लाटांतल्या काहींनी तेच लक्ष्य समजून तिथे बॉम्ब टाकले. ८६ मुलं गेली. इतक्या खालून, इतक्या वेगात, लक्ष्य ओळखायला दोन-तीन सेकंद मिळतात आणि डोळा धुराकडे ओढला जातो. नदीचं वळण, रुळांचा फाटा, चर्चचा मनोरा अशा खुणांवरून लक्ष्य ओळखायची सवय लावा. पुढच्याचा धूर ही खूण होऊ शकत नाही.

यासाठी मार्ग आखताना शेवटचा टप्पा सरळ ठेवा, सात-आठ किलोमीटर तरी, आणि त्याच्या सुरुवातीला चुकणार नाही अशी एक खूण. नकाशावर या टप्प्याचा रोख असा निवडा, की बॉम्ब टाकल्यावर नाक आधीच घराकडे असेल. म्हणजे लक्ष्याला वळसा घालून मागून, आतल्या बाजूने या. जाताना, कुणी बघितलेलं नसताना, वळायला वेळ भरपूर असतो. खरं सांगायचं तर हीच एक युक्ती शिकलात तर तुमचा अर्धा प्रश्न सुटेल. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही समुद्राकडून सरळ आत येता, बॉम्ब टाकता तेव्हा नाक पॅरिसकडे, आणि मग १८० अंश वळता. दुसरी फेरी मारली नसतीत तरी त्या वळणात सतरा सेकंद गेलेच असते.

उड्डाणाबद्दल थोडंच. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात म्हणून विमान डावीकडे ओढतं. डावा थ्रॉटल उजव्याच्या किंचित पुढे ठेवून सुरुवात करा आणि रडर धीटपणे वापरा. आपल्याकडे बऱ्याच जणांकडे एकच घसरपट्टी असलेली साधी जॉयस्टिक असते. तिच्यावर दोन इंजिनं वेगळी करता येत नाहीत. मग थ्रॉटल अगदी हळू उघडा, शेपूट उचलेपर्यंत अर्ध्यावरच ठेवा आणि धावपट्टी लांब असलेला तळ निवडा. ब्रेक हवेच्या दाबाचे आहेत, सारखे दाबत राहिलात तर दाब संपतो.

हवेत गेल्या गेल्या चढू नका. चाकं आत घ्या आणि सपाट राहून वेग वाढू द्या. ताशी १८० मैलांच्या खाली असताना एक इंजिन गेलं आणि दुसरं पूर्ण जोरावर असलं, तर रडर पुरत नाही, विमान पाठीवर जातं. अशा वेळी हात पुढे जातो तो चालू इंजिनाची ताकद वाढवायला. नेमकं उलट करायचं असतं. ताकद थोडी कमी करा, नाक खाली, वेग येऊ द्या, बंद इंजिनाचा पंखा फेदर करा, म्हणजे पाती हवेला कड दाखवतील अशी फिरवा. एका इंजिनावर मॉस्किटो व्यवस्थित घरी येतं. फक्त उतरताना, चाकं आणि पूर्ण फ्लॅप बाहेर असताना, पुन्हा वर जाऊन नव्याने येऊ अशी आशा धरू नका. पहिल्याच वेळी उतरायचं.

बरं, सगळं करून १९० जवळ आलंच तर? तो दीड किलोमीटरवर असताना वळवळू नका. प्रत्येक हेलकाव्यात अंतर कमी होतं आणि त्याला तेच हवं असतं. सरळ जा, लाटांना पोट लागेल इतकं खाली. खालून तो येऊ शकत नाही आणि वरून मारताना त्याला स्वतःच्या नाकाची काळजी. तो पाच-सहाशे मीटरवर आला की एकदाच, जोरात, किनाऱ्याच्या बाजूला वळा. जलद आला असेल तर पुढे निघून जाईल. तो समोर आला तर चार हिस्पानोंचा एक झोत द्या, लागला तर उत्तम, आणि परत घराचा रोख धरा. ए-८ ला सलग वळणं झेपत नाहीत हे खरं, पण म्हणून त्याच्याशी गोल गोल फिरत बसू नका. जर्मन जोडीने उडतात, आणि दुसरा वर बसून तुमचा वेग संपायची वाट बघत असतो.

जोरात वळण्याबद्दल एक सूचना. हे विमान लाकडाचं आहे: बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा, आणि सगळा भरवसा गोंदावर. १९४४ च्या शेवटी आपल्याकडे, ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आणलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेतच तुटले. नोव्हेंबरमध्ये उड्डाणं थांबवून चौकशी झाली आणि सांधे नीट चिकटलेले नसल्याचं आढळलं. खेळातलं विमान आसामच्या दमट हवेत उभं नसतं, पण सुळकीतून बाहेर येताना काठी पोटाशी ओढलीत तर पंख तिथेही जातात. विशेषतः बॉम्ब अजून पोटात असतील तर.

शेवटी शेजारच्या खुर्चीबद्दल. दुसरा माणूस मिळत असेल तर नेव्हिगेटर म्हणून बसवा आणि त्याला नकाशाऐवजी शेपटीकडे बघायला सांगा. वैमानिकाला मागचं फारसं दिसत नाही. माझ्या शेजारी बसणारा पोरगा वयाने बराच लहान आहे, पण त्याचं बोलणं असं: "दादा, सात वाजता, वर, दोन ठिपके. अजून वळले नाहीत." थोड्या वेळाने: "वळले." बस. अंतर, दिशा, वळले की नाही, एवढंच. युरोपातल्या सर्व्हरवर आपल्याकडून पिंग दीडशेच्या वर जातो, मागचं विमान मधूनमधून उडी मारल्यासारखं दिसतं, तेव्हा "आला, आला!" असं ओरडणारा जोडीदार उपयोगाचा नसतो.

सराव असा करा. मिशन एडिटरमध्ये कॅलेजवळ एक पूल घ्या, तुमचं मॉस्किटो त्याच्या आतल्या बाजूला दहा किलोमीटरवर, ३० मीटर उंचीवर हवेतच सुरू करा, नाक इंग्लंडकडे. पुलापासून ५ किलोमीटर मागे एक ए-८ ठेवा आणि तुम्ही पुलावर पोचलात की तो जागा होईल असं ट्रिगर लावा. बॉम्ब टाका, चार कामं करा, डोव्हरकडे सुटा. उतरल्यावर टॅकव्ह्यू या उड्डाणाचं रेकॉर्डिंग तपासायच्या प्रोग्राममध्ये फक्त दोन आकडे बघा: बॉम्ब सुटताना तुमचा वेग, आणि किनारा ओलांडताना तुमच्यातलं अंतर. ए-८ जमलं की त्याच जागी डी-९ ठेवा.